ज्ञान सर्वांसाठी खुळं

भिंत वाचली आणि मीना केरसुणीसकट मटकन ओट्यावर बसली.

उद्या दहाला या भिंतीचं उद्घाटन. शहापुरातून शिक्षक यायचे, डोळखांबकडच्या पाड्यापाड्यांतून बाया यायच्या, आणि भिंतीवर हातभर उंचीच्या लाल अक्षरांत, वर पिवळी किनार देऊन, रामूदाजींनी रंगवून ठेवलं होतं: 'उघडी कणगी. आमची मुळ्ये.' मुळ्ये! जसं काही इथे मुळ्ये आडनावाचं बिऱ्हाड राहायला आलंय. आणि त्याखाली पहिलंच वाक्य: 'ज्ञान सर्वांसाठी खुळं असावं.'

बाकीची चार वाक्यं मात्र सुखरूप होती. सांगणाऱ्याचं नाव पुसू नये. चूक कुणीही दुरुस्त करावी, पण कारण द्यावं. भांडणात कुणाची बाजू घेऊ नये. पुराव्याविना काहीच मांडू नये. मीनाने ती दोनदा तपासली, तेव्हा तिच्या ध्यानात आलं की या चारांत ल हे अक्षरच नाही, म्हणून ती वाचलीत.

"अहो," तिने आत हाक मारली. "जरा बाहेर या. आणि चहा पिऊनच या, नंतर घशाखाली उतरणार नाही."

भगीरथ गुरुजी चष्मा पुसत आले. वाचलं. परत वाचलं. "वाक्यरचना बरोबर आहे," ते म्हणाले.

"आणि अर्थ?"

"अर्थाचंच बघतोय."

सहा वर्षांपूर्वी याच ओट्यावर गुरुजींनी 'उघडी कणगी' काढली होती. कणगीत भात भरून ठेवतात, झाकण लिंपून टाकतात. यांची कणगी उघडी. रानभाजी कशी ओळखावी, नाचणीचं बी कसं राखावं, खेकडा कुठल्या दगडाखाली बसतो, जे ज्याला ठाऊक ते त्याने सांगायचं, मीनाने लिहून घ्यायचं आणि रोशनीने, म्हणजे धाकट्या दिराच्या, शामच्या पोरीने, इंटरनेटवर चढवायचं. कुणीही वाचा, कुणीही उतरवून घ्या, फुकट. चारशे बारा नोंदी झाल्या होत्या. एकच राहिली होती आणि ती नेमकी घरातली. सासूचं, भिमीचं, हाडाचं औषध.

कसाऱ्यापासून मुरबाडपर्यंत कुणाचं हाड मोडलं की माणूस भिमीच्या दारात. ती कसलंतरी मूळ पाट्यावर वाटायची, लेप द्यायची, वर बांबूच्या कांबट्या बांधायची. कुठलं मूळ ते कुणालाच ठाऊक नाही. नाव सांगितलं की औषधाचा गुण जातो, असा रिवाज. लोक टोमणे मारायचे, "काय गुरुजी, गावाची कणगी उघडी, घरची बंद?" गुरुजी हसून सोडून द्यायचे. मीनाच्या मात्र ते काळजात जायचं.

कारण मीनाने एकदा विचारलं होतं. लग्नाला दुसरं वर्ष होतं. शामचं मनगट मोडलेलं, भिमी लेप वाटत बसलेली. मीना शेजारी बसून म्हणाली, "आई, मला शिकवा ना." भिमी पाट्यावरून मान वर न करता म्हणाली, "मूल आन. मंग सांगन."

झालं. तेवढंच. मीनाने पुन्हा कधी विचारलं नाही. म्हसोबाला नवस झाला, कल्याणला डॉक्टर झाले, बावीस वर्षं झाली, मूल काही झालं नाही. वांझ सुनेला सासू विद्या कशाला देईल, असं तिने मनाशी धरलं आणि गिळून टाकलं. नवऱ्यालाही बोलली नाही. आता भिमी ऐंशीच्या घरात. गेल्या आठवड्यात तिने चहात मीठ घातलं. परवा रोशनीला आपली थोरली लेक सावळी समजून हाक मारली. आज ना उद्या ते मूळही तिच्या डोक्यातून जाईल, आणि एकदा गेलं की गेलं. मीनाला रात्रंदिवस हीच धास्ती होती.

पण आत्ता धास्ती भिंतीची होती.

शाम तोंडात दातवण धरून बाहेर आला. कसाऱ्याला रेल्वेत होता, उद्घाटनासाठी दोन दिवसांची रजा टाकून आलेला. त्याने भिंत वाचली आणि दातवण काढलं. "दादा, सा वरसां तू जा करतो त्याला नाव काय द्यावा, ता मला सुचत नव्हता. दाजींनी एका शब्दात सांगितला."

"पुसून टाकू," मीना म्हणाली. "दोन मिनिटांचं काम. चुना आहे घरात."

"कसं पुसणार?" गुरुजी म्हणाले. "तिसरं मूल्य. कारण द्यावं. कारण कुणाला द्यायचं? ज्याने लिहिलं त्याला. आणि ज्याने लिहिलं तो कोण?"

ज्याने लिहिलं तो जावई.

आणि जावईही साधासुधा नव्हे. म्हसा गावच्या गेल्या जत्रेला या घरच्या पंगतीत त्याच्या ताटात मटणापेक्षा बटाटे जास्त आले, म्हणून माणूस आठ महिने या दारात आला नव्हता. मुरबाडच्या बाजारात टेम्पो आणि दुकानांच्या पाट्या रंगवायचा. ही भिंत त्याने तीन दिवस उन्हात उभं राहून फुकट रंगवली होती. तीच त्याची समेटाची भेट. आत्ता तो ब्रश धुवायला टर्पेंटाइन आणायला गेला होता.

एवढ्यात त्याची बायको, गुरुजींची थोरली बहीण सावळी, ओल्या केसांनी बाहेर आली. "काय बगताव सगले? कोनी ह्यांना काय बोललात तर याद राखा. आन चूक कुटं हाय? मी वाचून दाखवतं." आणि तिने खणखणीत वाचलं, "ज्ञान सर्वांसाटी खुलं असावं. बरोबर तर हाय!"

खरंच की! सावळीने वाचलं की ते बरोबर होत होतं. या घरात ळ फक्त तिघांकडे होता: मीनाकडे माहेरचा, कारण ती माळशेज चढून पलीकडची, ओतूरकडची, गुरुजींकडे नोकरीचा आणि रोशनीकडे शाळेचा. बाकी सगळ्यांचा डोळा तो डोला आणि शाळा ती शाला. सावळीसुद्धा नवऱ्याला आणि आईला सावलीच.

"ताई, तुलाच उद्या भिंतीसमोर उभी करू," शाम म्हणाला. "कोनाला स्वताला वाचूच द्यायचा नाय."

"थांबा," गुरुजी म्हणाले. "नियमावली काढतो." आणि ते आत गेले.

तेवढीच संधी. रोशनीने चुन्यात बोटं बुडवली आणि ळं पुसून टाकला. भिंतीवर नुसतं 'खु असावं' उरलं. ते बघून शामला राहवेना. त्याने चुलीतला कोळसा आणून पुढे 'प' जोडला, उकाराचा ऊकार केला: ज्ञान सर्वांसाठी खूप असावं. "घ्या. कोनालाच वाईट नको." सावळीने ते पाहिलं मात्र, "माज्या नवऱ्याची अक्षरां पुसता?" म्हणत देव्हाऱ्यातलं कुंकू आणलं आणि कोळशावर ओल्या कुंकवाने परत भला मोठा ळ काढला. रोशनीने पुन्हा चुना घेतला. गुरुजी नियमावली घेऊन बाहेर आले तेव्हा पहिल्या मूल्याचा शिमगा झाला होता. चुना, कोळसा, कुंकू आणि रोशनीच्या पाच बोटांचा ठसा.

"बस्स!" गुरुजी ओरडले. त्यांनी पडवीतलं भाताचं बारदान ओढलं आणि खिळ्यांना अडकवून भिंत झाकून टाकली. "वाद मिटेपर्यंत भिंत बंद. एकमत होईस्तोवर कुणी हात लावायचा नाही. सगळे बसा. आये, तूपण बस. मत द्यायचंय."

भिमी कोपऱ्यात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. "मला भूक लागलीय," ती म्हणाली.

"हे मत नाही, आये."

"मंग काय हाय?"

रामूदाजी टर्पेंटाइनची बाटली घेऊन आले ते या बैठकीतच. आपल्या भिंतीवर बारदान बघून उभेच राहिले. बाजू न घेण्याचं चौथं मूल्य पाळून सगळ्यांनी सगळीकडे बघितलं, फक्त त्यांच्याकडे नाही.

"माज्या भिंतीला गोनपाट?" ते हळूच म्हणाले.

शेवटी मीनाच उठली. तिने सरळ सांगितलं, उगाच गोल गोल फिरली नाही. "दाजी, अक्षरं देखणी आलीत. एवढी देखणी पाटी शहापुरात नाही. पण एका ठिकाणी ल पाहिजे होता, तिथे ळ झालाय. आणि वर मुळ्ये झालंय."

आता बाटली आपटणार, असं सगळ्यांना वाटलं. पण दाजी पायरीवर बसले आणि त्यांनी उजवा तळहात पुढे केला. "शालेत मी शाला म्हनायचो. मास्तर म्हनायचा, ल नाय, ळ. आन छडी. केलं म्हटला, छडी. काला म्हटला, छडी. चौथीत शाला सोडली, पन एक गोष्ट घेऊन आलो वहिनी. जितं मी ल बोलतो तितं मोठ्या लोकांचा ळ असतो. तवापासनं मी ळच लिवतो. चालीस वरसां. मुरबाडला अर्ध्या बाजारावर माजा ळ हाय. 'मोबाईळ'. 'होटेळ'. कोनी काय बोलला नाय."

"याला पुरावा?" गुरुजींच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

सावळीने नवऱ्याचा हात धरून भावाच्या नाकासमोर नेला. अंगठ्याखाली एक पांढरी रेघ होती. गुरुजी स्वतः मास्तर. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "क्षमा करा, दाजी," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कारण दिलं नाही.

"क्षमा राहू द्या," दाजी म्हणाले. "मला एकदा कोनी लिवून द्या. कुटं ल, कुटं ळ. मंग मी जेवतो."

जावई जेवणार म्हटल्यावर घर कामाला लागलं. रोशनीने वही काढली, मीना सुपात तांदूळ निवडायला बसली आणि एकेक शब्द सांगू लागली. रोशनी लिहायची आणि दाजींना कळावं म्हणून मोठ्याने वाचायची.

"काल म्हणजे गेलेला दिवस. काळ म्हणजे वेळ. खुलं म्हणजे उघडं. खुळं म्हणजे येडं. मूल म्हणजे पोर. मूळ म्हणजे झाडाचं..."

"कोनी सांगितला?" भिमी म्हणाली.

"काय, आजी?"

"मूल म्हंजे पोर, ह्या कोनी सांगितला तुला?" भिमीने शेंगांची टोपली बाजूला सारली. "मूल झाडाला असतंय. जमिनीत. पोर म्हंजे पोर. तुज्या बापाला मी जलमात कदी मूल म्हटला नाय."

मीनाचं सूप थांबलं.

ओट्यावर कुणाच्याच ते लक्षात आलं नाही. शाम म्हणत होता, आये, पुस्तकात मूल म्हंतात; भिमी म्हणत होती, पुस्तकाला आयबाप नसतात. मीनाला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. तिने सूप खाली ठेवलं, सरकत सरकत सासूजवळ गेली.

"आई. लग्नाला दुसरं वर्ष होतं. शामभावजींचं मनगट मोडलं होतं. मी म्हटलं, मला औषध शिकवा. तुम्ही काय म्हणालात?"

भिमीला चहा-मीठ आठवत नसे, पण हे लख्ख आठवलं. "म्हटला, मूल आन, मंग सांगन."

"मूल."

"मंग? अजून काय आनायचा? नाव सांगितला तर गुन जातो. म्हनून नाव कोन सांगत नाय. शिकनाऱ्यानं रानात जायाचा, आपल्या मनानं मूल उकरायचा, आनून दाखवायचा. चुकीचा असला तर फेकून द्यायचा. परत आनायचा. माज्या आयेनं माजी बारा मुलां फेकली. तेरावा ठेवला."

रोशनीच्या हातातून पेन पडलं. "बारा मुलं फेकली?"

"मी म्हसोबाला नवस केला हो आई," मीना म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "चार वर्षं कल्याणला डॉक्टरकडे जात होते. मुलासाठी."

"मुलासाटी डागदर?" भिमी चकित झाली. "मुलासाटी कुदलपन लागत नाय. काठीनं उकरायचा. लोखंड लावायचाच नाय."

मीनाला हसू फुटलं. हसू म्हणावं तर डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. रडू म्हणावं तर पोट धरून हसत होती. सावळी धावली, तिला वाटलं वहिनीला झटका आला. गुरुजींच्या ध्यानात हळूहळू आलं. बावीस वर्षं ही बाई शेजारी झोपत होती आणि हे गिळून झोपत होती.

"मला का नाही सांगितलंस कधी?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही पुरावा मागितला असता."

भिमीला सगळ्यात शेवटी कळलं. तिने सुनेच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मी वाट बगत होते गो," ती म्हणाली. "दर वरसी भात झोडून झाला की वाटायचा, आज जाईल, उद्या जाईल. तू लिवत बसायचीस. मला वाटला, घाटावरची, शिकलेली, हिला मातीत हात घालायला नको. मंग मीपन गप रायले. मी कोनाला नाय म्हटला नव्हता. आना म्हटला. कोनी आनलाच नाय."

"आता आणू?"

"मंग काय उद्या भाषान झाल्यावर? ऊन हाय तवर जा. एकटीनं जायाचा. फोटू काडायचा तर मागनं काडा, नाव लिवायचा नाय."

"आजी, नावाशिवाय नोंद कशी चढवायची?" रोशनी म्हणाली.

"नाव कोनाला खायाचा हाय?"

मीना बांबूची काठी घेऊन ओढ्याकडे गेली. घरात एक विचार सगळ्यांच्या मनात होता आणि तो शामने हळू आवाजात बोलून दाखवला. "आयेला वलकंल का पन? काल मला इचारत होती, तू कोनाचा?" जावई जेवायला बसला होता. सावळीने त्याच्या ताटात मटणाचे तुकडे मोजून, चांगले जास्तच वाढले.

तासाभराने मीना परत आली. कोपरापर्यंत माती, साडी काट्यात फाटलेली, हातात बोटभर जाडीचं मूळ. भिमीने ते घेतलं, नख लावलं, वास घेतला आणि अंगणात भिरकावलं. "ह्या नाय. परत आन."

बावीस वर्षं ज्या नकाराची तिला भीती होती तो हा होता. मीना अशी हसत परत फिरली की कोंबड्या उडाल्या. दुसरं आणलं. भिमीने तेही फेकलं, या वेळी हुंगलंसुद्धा नाही. "ह्या तर चवलीचा. लाज वाटत नाय? परत आन."

उन्हं कलली. बारदान निघालं होतं, दाजी स्टुलावर चढून चुन्याचा हात मारत होते. मुळ्येचं मूल्ये झालं. पहिल्या वाक्यापाशी येऊन ते थांबले. तेवढ्यात मीना तिसऱ्यांदा वर येताना दिसली.

"वहिनी," त्यांनी हाक मारली, "मंग आता खुलं ठेवू का खुलं करू?"

"काय म्हणालात?"

"खुलं ठेवू, का खुलं करू?"

"तुम्हाला दिसेल ते करा, दाजी," मीना म्हणाली. तिला दम लागला होता. "खाली कारण लिहा म्हणजे झालं."

ती भिमीसमोर बसली आणि मूठ उघडली. मूळ वाकडं होतं, वर काळं, मोडलं तिथे आतून पिवळट. भिमीने ते नाकाशी धरलं. डोळे मिटले. तुकडा मोडून जिभेवर ठेवला, थुंकला. शाम पुढे झुकला. रोशनीने फोन वर धरला आणि फोटो काढायचा विसरली.

भिमी विसरली असेल, असं मीनाला वाटून गेलं. या वेळी फेकायचंही विसरेल.

"पदर कर," भिमी म्हणाली.

मीनाने पदर पुढे धरला. या घरात आलेल्या प्रत्येक लेकीसुनेची ओटी तिने भरली होती, तिच्या पदरात कुणी काही टाकायचं म्हटलं की मात्र बाया एकमेकींकडे बघायच्या. भिमीने मातीसकट ते मूळ तिच्या पदरात सोडलं आणि वरून हात ठेवला.

"ह्या तुजा मूल," ती म्हणाली. "आदी पाट्यावर वाट. मंग सगल्यांना वाट."